तापाची गोळी, लोखंडाचा गाळ आणि एक नळी: रसायन कारखान्यांचं घोडं नेमकं कुठे अडलंय?

3 मार्च 2020. लॉकडाऊन लागायला अजून तीन आठवडे होते. त्या दिवशी केंद्र सरकारने 26 औषधं आणि औषधी घटकांच्या निर्यातीवर निर्बंध घातले. त्या यादीतलं एक नाव प्रत्येक घरात ओळखीचं होतं, पॅरासिटामॉल.

स्वतःला 'जगाची फार्मसी' म्हणवणाऱ्या देशाला साध्या तापाच्या गोळीची चिंता का लागावी? कारण गोळी भारतात बनत असली, तरी ती बनवायला लागणाऱ्या रसायनासाठी आपण मोठ्या प्रमाणावर चीनवर अवलंबून होतो. या रसायनाचं नाव पॅरा अमिनो फिनॉल. उद्योगात त्याला नुसतं 'पीएपी' म्हणतात. पीएपीची अॅसेटिक अॅनहायड्राइडशी क्रिया घडवली की पॅरासिटामॉल तयार होतं. शेवटची पायरी सोपी आहे. अवघड भाग आहे तो त्याच्या आधीचा.

त्याच महिन्यात सरकारने औषधांच्या कच्च्या मालासाठी 6,940 कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. पीएलआय म्हणून ती ओळखली जाते. तिच्यातल्या 41 उत्पादनांच्या यादीत पीएपीसुद्धा आहे. पण पैशांची सोय झाली म्हणजे रसायन तयार झालं, असं होत नाही. ते स्वस्तात बनवायचं, नदीची वाट न लावता बनवायचं आणि कामगारांचा जीव धोक्यात न घालता बनवायचं, या तिन्ही अटी एकत्र आल्या की गाडी अडते ती उत्प्रेरकापाशी. उत्प्रेरक म्हणजे कॅटलिस्ट.

गोष्ट जरा तांत्रिक आहे, पण डोंबिवली, तारापूर, महाड, रोहा, लोटे अशा कुठल्याही औद्योगिक वसाहतीच्या आसपास राहणाऱ्यांसाठी ती घरची आहे.

एक टन माल, दीड टन गाळ

रंग, औषधं, कीटकनाशकं अशा असंख्य उत्पादनांच्या वाटेत एक पायरी हमखास येते. रेणूवर चिकटलेला 'नायट्रो' गट काढून तिथे 'अमिनो' गट आणायचा. नायट्रोमधले ऑक्सिजन काढून त्या जागी हायड्रोजन बसवायचे, इतकंच. पीएपी बनवण्याच्या एका जुन्या पद्धतीतही पॅरा नायट्रोफिनॉल घेऊन हेच करतात.

हे करण्याची सर्वात जुनी युक्ती 1854 मधली आहे. आंत्वान बेशाँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की लोखंडाचा कीस आणि थोडं आम्ल घातलं की काम होतं. लोखंड ऑक्सिजन ओढून घेतं आणि स्वतः गंजतं. युक्ती इतकी सोपी आणि स्वस्त की ती शंभर-दीडशे वर्षं टिकली.

पण गंजलेल्या लोखंडाचं काय करायचं? कागदावर हिशेब मांडला तर एक टन पीएपीमागे साधारण 1.6 टन लोह ऑक्साइड तयार होतं. हा कोरडा आकडा झाला. प्रत्यक्षात लोखंड गरजेपेक्षा जास्त टाकावं लागतं आणि गाळ ओला असतो, त्यामुळे ढीग त्याहून मोठा होतो. त्यात विषारी रसायनांचे अंश चिकटलेले असतात ते वेगळेच. काही ठिकाणी या गाळापासून लाल-काळी रंगद्रव्यं बनवतात. बाकीचा गाळ पैसे मोजून धोकादायक कचऱ्याच्या केंद्रात पाठवावा लागतो. आणि जिथे देखरेख ढिली असते, तिथे तो रात्रीच्या अंधारात कुठे जातो, हे नाल्याकाठच्या गावांना विचारावं.

म्हणजे मालापेक्षा कचरा जास्त. या हिशेबात कुठलाही छोटा कारखाना नियम पाळून चीनच्या भावाशी टक्कर देऊ शकत नाही.

मग लोखंडाऐवजी हायड्रोजनच का नाही वापरत?

वापरतात. मोठे कारखाने कधीच तिकडे वळले आहेत. नायट्रो रसायनात थेट हायड्रोजन वायू सोडला तर कचरा म्हणून उरतं फक्त पाणी. अडचण एवढीच की हायड्रोजनचा रेणू आपणहून काहीच करत नाही. त्याला फोडायला कुणीतरी मध्यस्थ लागतो. निकेल, पॅलेडियम, प्लॅटिनम यांसारखे धातू ही मध्यस्थी करतात. हायड्रोजनचा रेणू धातूच्या पृष्ठभागावर येऊन फुटतो, शेजारी बसलेल्या नायट्रो रेणूला चिकटतो आणि तयार माल निघून जातो. धातू जसाच्या तसा राहतो, पुढच्या गिऱ्हाइकासाठी तयार. हाच उत्प्रेरक.

वनस्पती तूप आठवा. पातळ तेलाचं घट्ट तूप होतं तेही हायड्रोजन आणि निकेलच्या जोरावरच.

पीएपीच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. ते नायट्रोबेन्झीन या स्वस्त द्रवापासून एकाच भांड्यात बनवता येतं, पण त्यासाठी हायड्रोजनची क्रिया अर्ध्यावर थांबली पाहिजे. अर्ध्या वाटेवर जो रेणू तयार होतो, त्याचं आम्लामध्ये रूपांतर होऊन पीएपी मिळतं. क्रिया पुढे गेली तर हाती येतं अॅनिलिन, म्हणजे भलताच माल. दूध उतू जायच्या आत गॅस बंद करण्यासारखा हा प्रकार आहे, फक्त इथे गॅस बंद करायचं काम उत्प्रेरकानेच करायचंय. त्यासाठी प्लॅटिनमच्या उत्प्रेरकाला गंधकयुक्त रसायनाचा किंचित डोस देऊन मुद्दाम थोडं सुस्त करण्याची युक्ती वापरली जाते. जास्त दिला तर तो मरतो, कमी दिला तर अॅनिलिन वाढतं.

उष्णता कुठे जाणार?

नायट्रोचं अमिनो होताना प्रचंड उष्णता बाहेर पडते. 123 ग्रॅम नायट्रोबेन्झीन, म्हणजे जेमतेम छोटी वाटीभर द्रव, पूर्ण अॅनिलिनपर्यंत गेलं तर सुमारे 550 किलोज्यूल उष्णता निघते. एवढ्या उष्णतेत दीड लिटर गार पाण्याला उकळी फुटेल. आता वाटीच्या जागी पाच हजार लिटरचा रिअॅक्टर ठेवून पाहा.

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या-मध्यम रसायन कारखान्यांमध्ये काम 'बॅच' पद्धतीने चालतं. रिअॅक्टर म्हणजे बाहेरून थंड पाणी फिरवलेली मोठी बंद कढईच. सगळा माल आत टाका, ढवळा, तापवा, काही तास थांबा, रिकामी करा, धुवा, पुन्हा भरा. कढई जितकी मोठी, तितकी तिला थंड करणं कठीण. कारण माल वाढतो घनफळाच्या हिशेबाने आणि थंड करणारी भिंत वाढते क्षेत्रफळाच्या हिशेबाने.

थंड करणं चुकलं तर काय होतं, हे अमेरिकेतल्या एका अपघाताच्या तपासातून स्वच्छ दिसतं. फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल शहरात 'टी2 लॅबोरेटरीज' हा छोटा कारखाना पेट्रोलमध्ये घालायचं एक रसायन बनवत होता. क्रिया वेगळी होती, सोडियम धातूची, पण कढई तीच, सव्वानऊ हजार लिटरच्या आसपासची. 19 डिसेंबर 2007 रोजी, 175 व्या बॅचच्या वेळी, थंड पाण्याचा पुरवठा बिघडला. पर्यायी व्यवस्था नव्हती. तापमान वाढलं, तशी क्रियेची गती वाढली, गती वाढली तसं तापमान आणखी वाढलं. काही मिनिटांत रिअॅक्टर फुटला. 4 जणांचा मृत्यू झाला, 32 जण जखमी झाले. अमेरिकेच्या रासायनिक सुरक्षा मंडळाने या स्फोटाची ताकद 1,400 पौंड टीएनटीइतकी असल्याचा अंदाज काढला. आधीच्या 174 बॅचेस पार पडल्या होत्या, हे यातलं सर्वात अस्वस्थ करणारं वाक्य.

महाराष्ट्राला हे दृश्य नवीन नाही. 23 मे 2024 रोजी दुपारी डोंबिवली एमआयडीसीतल्या एका रसायन कारखान्यात स्फोट झाला. दहाहून जास्त लोकांचा जीव गेला, आसपासच्या इमारतींच्या काचा फुटल्या. त्याआधी 26 मे 2016 लाही याच वसाहतीत असाच मोठा स्फोट झाला होता. दर वेळी धोकादायक कारखाने दुसरीकडे हलवण्याची चर्चा होते. पण कारखाना हलवला म्हणजे कढई लहान होत नाही. ती फक्त दुसऱ्या कुणाच्या तरी घराजवळ जाते.

नळीचा उपाय

कोल्हापूरकडचं गुऱ्हाळ पाहिलं असेल तर दोन्ही पद्धती एका जागी दिसतात. रस उकळायची काहील म्हणजे बॅच. एक काहील उतरल्याशिवाय दुसरी चढत नाही. पण चरक? ऊस इकडून घालत राहायचा, रस तिकडून येत राहतो. चरकात एका वेळी चार-पाचच ऊस असतात, तरी दिवसभरात टनावारी ऊस गाळला जातो.

रसायनांचा चरक म्हणजे 'कंटिन्युअस फ्लो', सलग प्रवाहाची पद्धत. कच्चा माल पंपाने एका बारीक नळीत सोडायचा. नळीतून जाता जाता क्रिया होते, काही सेकंद किंवा काही मिनिटं, आणि दुसऱ्या टोकाला तयार माल बाहेर पडतो. दिवसरात्र.

याचा फायदा भूमितीतच आहे. एक मिलिमीटर व्यासाच्या नळीत दर घनमीटर द्रवामागे 4,000 चौरस मीटर भिंत मिळते. पाच हजार लिटरच्या कढईत हाच आकडा तीनच्याही खाली असतो. म्हणजे उष्णता बाहेर काढायला हजारपटीहून जास्त जागा. दुसरा फायदा त्याहून मोठा. कुठल्याही क्षणी आत असलेला माल अगदी थोडा. पंप बंद केला की नवा माल येणं थांबतं, आणि नळीत उरलेल्या लिटर-दोन लिटर द्रवात वस्ती हादरवण्याइतकी ताकद नसते. ब्रिटिश अभियंते ट्रेव्हर क्लेट्झ 1970 च्या दशकापासून हेच सांगत होते, की साठाच नसेल तर गळती होणार कशाची. 1984 मध्ये भोपाळला मिथाइल आयसोसायनेटची टाकी फुटल्यागत रिकामी झाली तेव्हा तिच्यात सुमारे 40 टन विषारी द्रव साठवलेला होता, आणि तो काही अंतिम माल नव्हता. मधल्या पायरीचं रसायन होतं ते.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. नळी आली म्हणजे अपघात संपले, असं नाही. गळकी टाकी, चुकीचा साठा, परवानगी नसलेलं रसायन, यांवर नळीकडे उत्तर नाही. पण अनियंत्रित तापणाऱ्या क्रियेवर आहे.

इतकं चांगलं आहे, तर सगळे वापरत का नाहीत? यंत्र मिळत नाही म्हणून? तसंही नाही. काचेचे, सिरॅमिकचे, स्टीलचे फ्लो रिअॅक्टर बाजारात आहेत, भारतातही मिळतात. नळी विकत आणता येते. तिच्या आत काय भरायचं, हा प्रश्न आहे.

कढईतला उत्प्रेरक नळीत का चालत नाही?

कढईत उत्प्रेरक पावडरच्या रूपात टाकतात. पिठासारखी बारीक काळी भुकटी, बहुतेकदा कोळशावर बसवलेलं पॅलेडियम किंवा 'रॅनी निकेल'. ढवळताना ती सगळीकडे पसरते आणि काम झाल्यावर गाळून काढतात. हे गाळणं हाच एक धोका. वापरलेली भुकटी हायड्रोजनने भरलेली असते. ती ओली ठेवली नाही आणि हवा लागली, तर आपोआप पेट घेते. बाजूला ज्वलनशील सॉल्व्हेंट असतंच. हायड्रोजनेशनच्या प्लांटमध्ये काम केलेल्या कामगारांना फिल्टर उघडण्याची शिफ्ट नको असते, ती यासाठी.

नळीत उत्प्रेरक आतच बसून राहतो आणि द्रव त्याच्यावरून वाहतो. गाळायचा प्रश्नच मिटला. ऐकायला छान आहे. पण पिठासारखी भुकटी नळीत ठासली तर तिच्यातून द्रव ढकलणं म्हणजे चिकट मातीतून पाणी ढकलणं. दाब इतका वाढतो की पंप हात टेकतो. मग दाणे मोठे करायचे, मिरीएवढे. आता द्रव सहज वाहतो, पण रेणूंना दाण्याच्या गाभ्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. क्रिया होते ती वरच्या सालीवर आणि आतलं महागडं प्लॅटिनम नुसतंच बसून राहतं. पीएपीसारख्या अर्ध्यावर थांबायच्या क्रियेत तर आणखी वाईट. दाण्याच्या छिद्रात अडकलेला रेणू बाहेर पडायच्या आधी पुढे सरकतो आणि अॅनिलिन होतो.

यावरचा एक तोडगा म्हणजे धातू फक्त दाण्याच्या बाहेरच्या पातळ थरात बसवायचा, अंड्याच्या कवचासारखा. या प्रकाराला 'एगशेल' उत्प्रेरक असंच म्हणतात. पण कवच पातळ केलं की आणखी एक दुखणं सुरू होतं. धातू कमी, म्हणजे थोडं जरी विष लागलं तरी सगळा खेळ संपतो.

विष म्हणजे काय, हे कारवाल्यांना माहीत असायला हवं. तुमच्या गाडीच्या सायलेन्सरकडे जाणाऱ्या नळीत बसवलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हा सलग प्रवाहात चालणारा उत्प्रेरकच आहे. मधाच्या पोळ्यासारखी भोकं, त्यांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा पातळ लेप, त्यावरून धूर वाहतो. पेट्रोलमधलं शिसं या लेपावर बसलं की तो निकामी होतो. भारतात 1995 मध्ये महानगरांतल्या नव्या गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला तेव्हा सोबत शिसेमुक्त पेट्रोल आणावं लागलं, आणि 2000 मध्ये देशभरातून शिसेयुक्त पेट्रोल हद्दपार झालं. एका उत्प्रेरकासाठी अख्ख्या देशाचं इंधन बदललं.

रसायन कारखान्यात हे काम गंधक करतं, क्लोरीन करतं, कधी मालातच तयार होणारा डांबरासारखा चिकटा करतो. कढईत भुकटी मेली तर पुढच्या बॅचला थोडी ताजी भुकटी वाढवता येते. नळीत तसं नाही. उत्प्रेरक मेला की नळी उघडायची, म्हणजे प्लांट बंद.

आणखी एक छुपा रोग आहे, धातू झिरपण्याचा. पॅलेडियम वापरून दोन रेणू जोडायच्या ज्या क्रिया औषधनिर्मितीत सर्रास चालतात, त्यांत पॅलेडियम दाण्यावरून सुटून द्रवात उतरतं. काही पुढे जाऊन पुन्हा बसतं, काही मालासोबत बाहेर येतं. म्हणजे उत्प्रेरक हळूहळू नळीतून वाहून जातो. आणि तो जातो कुठे? औषधात. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार तोंडाने घ्यायच्या औषधातून दिवसाला 100 मायक्रोग्रॅम आणि इंजेक्शनमधून 10 मायक्रोग्रॅम, यापेक्षा जास्त पॅलेडियम रुग्णाच्या शरीरात जाता कामा नये. त्यामुळे धातू काढून टाकायची वेगळी पायरी आली, तिचा खर्च आला.

शंभर वर्षांपूर्वी हे जमलं होतं

खरं तर सलग प्रवाह हा काही नवा शोध नाही. पेट्रोलियम रिफायनरी आणि खत कारखाने कित्येक दशकं असेच चालतात. अमोनियाची गोष्ट तर प्रत्येक रसायन अभियंत्याला शिकवली जाते. फ्रिट्झ हाबर यांनी 1909 मध्ये जर्मनीत नायट्रोजन आणि हायड्रोजन यांच्यापासून अमोनिया करून दाखवला, तोही सलग प्रवाहात. पण त्यांचे उत्प्रेरक होते ऑस्मियम आणि युरेनियम. पहिला जगात पुरेसा नव्हता आणि दुसरा फार नाजूक.

बीएएसएफ कंपनीत आल्विन मिटाश यांच्याकडे काम आलं स्वस्त उत्प्रेरक शोधायचं. त्यांनी छोट्या-छोट्या चाचणी नळ्यांची रांगच लावली आणि हजारो मिश्रणं तपासली. उत्तर सापडलं ते स्वीडनच्या खाणीतल्या लोहखनिजात. शुद्ध लोखंड नीट चालत नव्हतं, हे मात्र चालत होतं. कारण त्यातली भेसळ. अॅल्युमिना आणि अल्कली यांचे किरकोळ अंश लोखंडाचे कण एकमेकांत वितळून मोठे होऊ देत नव्हते आणि त्यांची ताकदही वाढवत होते. 1913 मध्ये ओप्पाऊचा कारखाना सुरू झाला. आजही जगभरचा अमोनिया मुख्यतः याच जातीच्या लोह-उत्प्रेरकावर बनतो, आणि एकदा भरलेला उत्प्रेरक वर्षानुवर्षं चालतो.

मग औषध आणि रंगांच्या कारखान्यांना हे का जमलं नाही? त्यांचं गणितच वेगळं. खत कारखाना एकच रेणू वीस वर्षं बनवतो, त्यामुळे उत्प्रेरकावर पाच वर्षं घालवणं परवडतं. एमआयडीसीतला छोटा उद्योजक एकाच कढईत वर्षभरात आठ-दहा उत्पादनं काढतो. या महिन्यात रंगाचं इंटरमिजिएट, पुढच्या महिन्यात कीटकनाशकाचं. त्याच्यासाठी कढई म्हणजे घरातलं पातेलं आहे, वरणही शिजतं आणि खीरही. नळी आणि तिच्यातला उत्प्रेरक मात्र एका पदार्थासाठी घडवावे लागतात.

आता काय बदलतंय?

2015 मध्ये टोकियो विद्यापीठातल्या शू कोबायाशी यांच्या गटाने 'नेचर'मध्ये एक काम प्रसिद्ध केलं. रोलिप्रॅम हा औषधी रेणू त्यांनी आठ पायऱ्यांमध्ये बनवला, आणि मध्ये कुठेही माल बाहेर न काढता. उत्प्रेरकाने भरलेल्या नळ्या एकामागून एक जोडलेल्या, एका टोकाला साधी रसायनं, दुसऱ्या टोकाला औषध. त्यातली एक पायरी नायट्रो गटाचीच होती, पॅलेडियमच्या उत्प्रेरकावर हायड्रोजन सोडून केलेली. उत्पादन होतं दिवसाला सुमारे एक ग्रॅम. प्रमाण किरकोळ वाटेल, पण गुंतागुंतीचं औषधही नळीत, घट्ट बसवलेल्या उत्प्रेरकांवर बनू शकतं, हे त्यातून सिद्ध झालं.

दोन वर्षांनी एलाय लिली कंपनीने प्रेक्सासर्टिब या कर्करोगावरच्या प्रायोगिक औषधाचे 24 किलो सलग प्रवाहात बनवले, तेही रुग्णांना देण्याच्या दर्जाचे. यंत्रं इतकी छोटी की प्रयोगशाळेतल्या धूर शोषणाऱ्या कपाटांत मावली. नियामकांचा सूरही बदलला. सलग पद्धतीने औषध कसं बनवावं, यासाठीची 'क्यू13' ही आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं नोव्हेंबर 2022 मध्ये ठरली.

उत्प्रेरकाचा आकारच बदलण्याचे प्रयोगही सुरू आहेत. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेने धातूचे पीळदार सांगाडे थ्रीडी प्रिंट करून त्यांवर उत्प्रेरकाचा लेप चढवला. हा सांगाडा नळीत सरकवायचा. तो द्रव आणि हायड्रोजन यांना घुसळतोही आणि क्रियाही घडवतो. दाणे नाहीत, त्यामुळे दाबाची कटकट नाही, आणि लेप मेला तर सांगाडा ओढून दुसरा घालायचा.

भारतातही पाया नाही, असं नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, अमोल कुलकर्णी यांचा गट बऱ्याच वर्षांपासून छोट्या नळ्यांमधल्या क्रियांवर काम करतो. त्यांना 2020 चा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला आहे. आणि उत्प्रेरकांमध्ये तर याच संस्थेचा इतिहास जुना आहे. 1980 च्या दशकात पॉल रत्नसामी यांच्या काळात इथे घडलेला 'एन्सिलाइट' हा झिओलाइट उत्प्रेरक बडोद्याच्या आयपीसीएलमध्ये प्रत्यक्ष उत्पादनात उतरला होता. प्रयोगशाळेतून प्लांटपर्यंत जाण्याची वाट पुण्याला ठाऊक आहे.

मधली दरी

पण त्या वाटेवर एक टप्पा असा आहे, जो कुणाच्याच खात्यात बसत नाही.

विद्यापीठातला संशोधक नवा उत्प्रेरक बनवतो, सहा-आठ तास चालवतो, 98 टक्के माल मिळाला म्हणून शोधनिबंध लिहितो. त्याचं काम तिथे संपतं, कारण पदवी आणि बढती निबंधावर मिळते. कारखानदाराचा प्रश्न वेगळा असतो. माझ्या कच्च्या मालात गंधक आहे, पाणी आहे, मागच्या टँकरची घाण आहे. त्यात हा हजार तास चालेल का? हजार तास म्हणजे जवळपास सहा आठवडे, दिवसरात्र, कुणीतरी तिथे उभं राहून दर तासाला नमुना तपासायचा. उत्तर 'नाही' आलं तर छापण्यासारखं काही उरत नाही आणि सगळा खर्च पाण्यात. हे काम कंटाळवाणं आहे, महाग आहे, आणि सगळं त्याच्यावरच अडलेलं आहे.

सरकारची पीएलआय योजना इथे उपयोगी पडत नाही. रासायनिक पद्धतीने बनणाऱ्या मालासाठी तिच्यात प्रोत्साहन मिळतं ते विक्रीच्या 10 टक्के. म्हणजे आधी प्लांट उभा करा, माल विका, मग पैसे घ्या. उत्प्रेरक टिकेल की नाही या जुगारात उतरणाऱ्याला त्यातून काही मिळत नाही. बंद पडलेल्या गिरण्या आणि कारखान्यांच्या जमिनींवर आयटी पार्क उभारणाऱ्या राज्याला, कारखानदारांनी आपला खरा कच्चा माल आणून महिनाभर नळीत चालवून पाहावा अशी दोन-चार सामायिक चाचणी केंद्रं उभारणं जड जाऊ नये. सांडपाण्यासाठी सामायिक प्रक्रिया केंद्रं आपण उभारलीच आहेत. पण ती कचरा तयार झाल्यानंतरची सोय आहे.

धातूंचा मुद्दाही डोळ्याआड करून चालणार नाही. प्लॅटिनम आणि पॅलेडियमच्या खाणी मुख्यतः दक्षिण आफ्रिका आणि रशियात आहेत. पीएपीसाठी चीनवरचं अवलंबित्व कमी करताना ते दुसरीकडे वाढणार असेल, तर वापरलेल्या उत्प्रेरकातून धातू परत काढण्याचा उद्योगही सोबतच लागेल. निकेलवर काम भागलं तर उत्तमच. ते स्वस्त आहे, पण आम्लात विरघळतं, आणि पीएपीची एका भांड्यातली पद्धत चालते ती नेमकी आम्लातच.

आणि हायड्रोजन?

छोट्या कारखानदाराला लोखंडाचा कीस अजूनही जवळचा वाटतो, याचं एक साधं कारण आहे. लोखंडाची गोणी कोपऱ्यात पडून राहिली तरी चालते. हायड्रोजनचे सिलिंडर ठेवायचे तर नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसो या केंद्रीय सुरक्षा संस्थेच्या नियमांत बसावं लागतं. वेगळी शेड, अंतरं, ठिणगी न पडणारी वीजजोडणी. दाटीवाटीच्या जुन्या प्लॉटवर एवढी जागाच नसते.

इथे नळी थोडी मदत करते. तिला एका वेळी लागणारा हायड्रोजन इतका कमी असतो की तो साठवण्याऐवजी पाण्याच्या विद्युत विघटनाने जागेवरच, लागेल तसा बनवता येतो. प्रयोगशाळेच्या आकाराची अशी यंत्रं आज सर्रास वापरात आहेत. दिवसाला काही टन माल काढणाऱ्या कारखान्याच्या आकाराची यंत्रंही मिळतात, मात्र तिथे विजेचं बिल आडवं येतं. औद्योगिक विजेच्या आजच्या दराने पाण्यापासून बनवलेला हायड्रोजन नैसर्गिक वायूपासून बनवलेल्या हायड्रोजनपेक्षा महाग पडतो, आणि लोखंडाचा कीस वापरणाऱ्याने गाळाचा खरा खर्च भरायचं टाळलं, तर त्याच्यापुढे दोन्ही महाग.